अप्पांच्या मुंग्या

वडवणीत दोन माणसं भेटली की एकमेकांना रामराम करतात. मन्मथअप्पा भेटले की विचारायचे, "काय बे, मुंग्या काय म्हनत्यात?"

तेही भर आठवडी बाजारात, बैलांच्या हंबरण्यावर आवाज चढवून, रस्त्याच्या या कडेहून त्या कडेला. ज्याला विचारलं तो बिचारा उपरण्यात तोंड लपवायचा. कारण मुंग्या कुठल्या, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. ज्याच्या लघवीतून साखर जाते त्याच्या न्हाणीच्या भिंतीला मुंग्या लागतात. निजामसरकारच्या त्या काळात आमच्याकडे याहून दुसरी तपासणी नव्हती. बीडच्या दवाखान्यात काचेच्या नळ्या आहेत असं ऐकून होतो, पण तिथवर जायला बैलगाडी जुंपावी लागे. मुंग्या घरपोच येत.

हकीमसाहेब या दुखण्याला जियाबेतुस म्हणत आणि वैद्यबुवा मधुमेह म्हणत. अप्पांनी दोन्ही नावं निकालात काढली होती. "असली नावं ऐकूनच मानूस अर्धा मरतंय. आपलं ह्ये गोड दुखणं."

आता गंमत अशी की अप्पांचा धंदा गुळाचा. उंच, काटकुळा माणूस, कपाळाला भस्माचे पट्टे, गळ्यात लिंग, आणि मागे छतापर्यंत गुळाच्या ढेपा. गोड दुखण्याचं कुणी गूळ घ्यायला आलं की अप्पा तराजू उचलून मांडीखाली ठेवत. "तुला न्हाई. ऊठ." गिऱ्हाईक रुसून समोरच्या दुकानात गेलं, तर अप्पा ओट्यावर उभे राहून समोरच्याला बजावत, "त्याला देऊ नको रं! त्याच्या भितीला मुंग्या हायत!" समोरचा दुकानदार सुरुवातीला भांडला. मग कंटाळला, आणि पुढे पुढे तर गिऱ्हाईक आलं की तोच आधी अप्पांकडे बघून घ्यायचा.

गावात लग्न असलं की अप्पा बोलावल्यावाचून हजर. ते कधी पंगतीला बसत नसत. वाढप्याच्या मागे मागे फिरत. आमच्याकडे पंगतीतला आग्रह म्हणजे काय हे मी सांगायला नको. नको म्हणणाऱ्याच्या ताटात दुप्पट पडतं, आणि हातांनी पत्रावळ झाकली तर बोटांच्या फटीतून जिलबी सरकवण्यात यजमानाला पुरुषार्थ वाटतो. अशा वेळी अप्पा मध्ये पडत आणि पत्रावळीवर स्वतःचे दोन्ही हात आडवे धरत. "ह्यो आमच्यातला हाय! ह्याला भाकर आन मेथी वाढा." नवरीच्या बापानं डोळे वटारले तरी हात हलत नसत. एकदा त्यांच्या मनगटावर गरम पाक सांडला, तरी त्यांनी पत्रावळ सोडली नाही. त्यावर गाव पुष्कळ दिवस हसलं. पण त्यानंतर लग्नघरी भाकरी आणि मेथीचं एक पातेलं वेगळं शिजू लागलं, हेही खरं.

कचेरीत एक शिपाई होता. दुखण्यापायी त्याला सारखं पाणी प्यावं लागे आणि सारखं बाहेर जावं लागे, म्हणून पेशकार, म्हणजे तिथले साहेब, त्याला कामावरून काढायला निघाले होते. अप्पा पगोटं नीट करून थेट पेशकारांपुढे जाऊन उभे राहिले. "साब, ये आदमी पानी पीताय, पानी छोडताय. इसमें सरकार का क्या जाताय?" पेशकार हसले आणि शिपायाची नोकरी राहिली. अप्पांच्या उर्दूला मात्र मी, सरकारी शाळेचा मास्तर असूनही, कधी हसू शकलो नाही.

नव्यानं दुखणं लागलेला माणूस घाबरून अप्पांकडे यायचा. कुणाला वाटे आपलं पूर्वजन्मीचं पाप आहे, कुणाला वाटे आता मुलीची सोयरीक मोडणार. अप्पा त्याचं काही ऐकून घेत नसत. हाताला धरून परसात न्यायचे आणि स्वतःच्या न्हाणीची भिंत दाखवायचे. दोऱ्यासारखी काळी रांग खालून वर निघालेली असे. "ह्ये बघ. माझ्याकडं तुझ्यापरीस लई हायत. मी मेलो का?" माणूस त्या मुंग्यांकडे बघत राही. जाताना त्याची मान जरा वर असे. आमची परसं पाठीला पाठ लावून असल्यामुळे हा सोहळा मी कितीतरी वेळा पाहिला आहे. खरं सांगायचं तर मला त्याचा वैताग यायचा. सकाळी सकाळी दुसऱ्याच्या न्हाणीपुढे हात जोडलेली माणसं बघायची कुणाला हौस असते?

मग वेळ माझ्याच घरावर आली.

माझी बायको काशी दुसऱ्यांदा गरोदर होती. पहिलं बाळ चांगलं मोठं, गुटगुटीत, पण जन्मलं ते रडलंच नाही. त्यामुळे या खेपेला आम्ही सगळे जपून होतो, आणि माझी आई तर फारच. सातव्या महिन्यात काशीला अशी तहान लागू लागली की भरलेला माठ दुपारपर्यंत तळाला जायचा. भूकही लागे, पण तोंड उतरत चाललं होतं. आई म्हणाली, "गोडाचे डोहाळे हायत. पोटातलं मागतंय, त्याला न्हाई म्हनू ने." डिंकाचे लाडू झाले, गुळाच्या पोळ्या झाल्या. न्हाणीच्या भिंतीला मुंग्या लागल्या, तेव्हा आईनं त्यांना हळदकुंकू वाहिलं. "लक्षुमीच्या पावलानं आल्यात," म्हणाली. मी शिकलेला माणूस. मीही मान डोलावली.

डोहाळजेवणाच्या दिवशी घर बायकांनी भरलं होतं. काशी हिरवं लुगडं नेसून पाटावर बसली होती आणि पुढच्या ताटात गोडाचे पदार्थ मावत नव्हते. एवढ्यात परसदारानं अप्पा आत आले. पगोटं नाही, पायात जोडे नाहीत. बायका किंचाळून पदर सावरतात न सावरतात तोच त्यांनी काशीपुढचं ताट उचललं.

गर्भारणीच्या पुढचं ताट! मी धावत जाऊन त्यांचं मनगट धरलं. "अप्पा, ताट खाली ठेवा."

"मास्तर, मला हाना. पन ह्ये तिला न्हाई द्यायचं. आत्ताच तुमची भित बघितली. लेकरू जाईल मास्तर. ती बी जाईल."

अशा दिवशी असं बोलणं! आईनं त्यांना ज्या शब्दांत हाकललं ते मी इथे लिहीत नाही. अप्पा परसदारच्या पायरीवर जाऊन बसले, ताट मांडीवर घेऊन. उठेनात. मी त्यांना ओढायला वाकलो, तेवढ्यात मागून काशीचा आवाज आला. ती चारचौघांत कधी बोलत नसे.

"पहिल्या वक्ताला बी मी असंच पानी पेत होते," ती म्हणाली. "मला कुनी इचारलंच न्हाई. अप्पा, मला भाकर खाऊ द्या."

आईनं आधी तिच्याकडे पाहिलं, मग भिंतीकडे. मग ती चुलीपाशी गेली आणि तिनं ज्वारीचं पीठ काढलं.

पुढचे दिवस अप्पांनी आमच्या घरावर राज्य केलं. रोज मेथीची जुडी, कारली, जांभळाच्या बियांची पूड. संध्याकाळी काशीनं परसात फेऱ्या घालायच्या, आणि भिंतीपलीकडून अप्पा ओरडायचे, "चाल, माय, चाल!" हकीमसाहेबही येऊन नाडी बघून गेले आणि पथ्य बरोबर आहे म्हणाले. आई बरेच दिवस फुरंगटून होती. मग एका सकाळी मीच ऐकलं, ती काशीला विचारत होती, "आज मुंग्या काय म्हनत्यात गं?" मुंग्यांची रांग विरळ होत चालली होती.

मुलगी झाली. जन्मल्या जन्मल्या तिनं असा गळा काढला की मी बाहेर ओट्यावर बसून हसत होतो आणि डोळेही पुसत होतो. उजाडल्याबरोबर गूळखोबऱ्याची वाटी घेऊन मी परसातूनच अप्पांकडे निघालो.

अप्पा न्हाणीपाशी उकिडवे बसले होते. तांब्यात गुळाचा खडा टाकून बोटानं ढवळत होते. मग पिंडीवर धार धरावी तसं ते पाणी त्यांनी अगदी सावकाश भिंतीच्या कडेनं ओतलं. मुंग्या आधीपासून वाट बघत असल्यासारख्या तुटून पडल्या.

मी तिथेच थांबलो. त्यांनी वळून पाहिलं आणि तांब्या पाठीमागे लपवला.

"अप्पा, तुम्हाला दुखणं नाहीच?"

"वरडू नका मास्तर." मग ते खालीच बसले. "आमच्या मंडळीला व्हतं. तिला दिवस गेलते. गोडाचे डोहाळे. मी गुळाचा बेपारी. चांगल्यातली चांगली ढेप फोडून रोज माझ्या हातानं चारली तिला. भितीला मुंग्या लागल्या तवा आमी दोघं बी लई हसलो. म्हनलं, बेपाऱ्याचं लेकरू हाय, आतूनच गूळ धाडायलंय." त्यांनी तांब्या पुढे घेऊन उपडा घातला. "दोघं बी गेली. हकीमसायबानं मागून सांगितलं कशापायी ते."

अप्पांची बायको बाळंतपणात गेली एवढंच गावाला माहीत होतं. बाळंतपणात बायका जातच असत. त्यापुढे कुणी काही विचारलं नव्हतं, शेजारी असून मीही नाही. मला फार वाईट वाटलं.

"पण मग हे कशाला?" मी भिंतीकडे बघत विचारलं.

"धडधाकट मानसाचं पथ्य कोन ऐकतंय मास्तर? आन ज्याला व्हतंय त्याला वाटतंय, आपुन एकलेच. संग कुनी असलं की सोसतंय."

मी वाटीतला गुळाचा खडा त्यांच्या तळहातावर ठेवला. "मुलगी झाली. चांगली रडली. आता तोंड गोड करा."

बायको गेल्यापासून त्यांनी गोडाला शिवलं नव्हतं. खडा हातात घेऊन ते कितीतरी वेळ बसले. मग तो जिभेवर ठेवून त्यांनी डोळे मिटले. "आपल्याच दुकानचा हाय," म्हणाले. "रवाळ हाय." आणि मग त्यांना रडू आवरेना.

तेवढ्यात पुढच्या दारी कडी वाजली. तलवाड्याहून एक शेतकरी आला होता, घाबराघुबरा, तोंड सुकलेलं. दुखणं नवं होतं हे त्याच्याकडे बघूनच कळत होतं. अप्पांनी घाईघाईनं पंच्यानं तोंड पुसलं आणि मला डोळ्यानं दटावलं. गालात गूळ तसाच होता, त्यामुळे त्यांना बोलता येईना. त्यांनी त्या माणसाचा हात धरला, त्याला परसात आणलं आणि भिंतीकडे नुसतं बोट दाखवलं.