कोरेकाकांचं कायदेशीर कारण

जर्मनीतल्या एर्लांगेनच्या निळकंठ कोरेकाकांनी मला मदत केली, हे मी सगळ्यात आधी लिहून टाकते. नंतर लिहायचं राहून गेलं तर मला झोप लागणार नाही. तशीही मला फारशी लागत नाही.

काका मूळचे सोलापूरचे, लिंगायत. घरात अंडंसुद्धा येत नाही. बिस्किटाच्या पुड्यावरची बारीक अक्षरं भिंग लावून वाचतात, कुठे काही प्राण्याचं तर नाही ना म्हणून. आणि ह्या माणसाच्या फ्रिजमध्ये श्रीखंडाच्या डब्यात काय असतं? जिवंत गांडुळं. कारण काकांना वेड आहे मासे पकडायचं. तेही एकाच माशाचं. रुटे नावाचा हा मासा भर डिसेंबरात, अंधार पडल्यावर, बर्फासारख्या गार पाण्याच्या तळाशी फिरतो. म्हणजे शहाणी माणसं रजईत असतात तेव्हा.

मी हर्णैची. आठवीत वार्षिक परीक्षेच्या सकाळी शाळेच्या फाटकातून जी परत फिरले ती थेट बंदरावर आईजवळ जाऊन बसले. पुन्हा शाळेत गेले नाही. नवरा इथल्या एका रेस्टॉरंटात तंदूरवर आहे. कोरेकाकूंचं मनगट दुखायला लागलं तशी मी आठवड्यातून दोनदा त्यांच्याकडे ज्वारीच्या भाकरी करून द्यायला जाऊ लागले.

एकदा मी काकांकडून एक सरकारी पत्र वाचून घेतलं. त्यांनी वाचलं आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "तुला इथे कायमचं राहायचं असेल तर जर्मनची परीक्षा द्यावी लागेल. हा त्याचा फॉर्म. कधी देतेस?"

"बघू," म्हणून मी तो घरी नेला आणि पिठाच्या डब्याखाली ठेवला. परीक्षा म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर ते शाळेचं फाटक येतं.

पुढच्या आठवड्यात मी भाकरी थापत असताना काका ओट्याशी येऊन उभे राहिले.

"तू हर्णैची ना? म्हणजे मासे खातेस."

"हो." मला वाटलं, गेलं काम हातचं.

"मारताही येतात?"

माझी भाकरी तव्यावर वाकडी पडली. "लहानपणी आईला मदत करायचे, काका. इथे नाही हो कधी. इथे पाकिटातले आणते."

"गेनाऊ!" काकांनी टाळी वाजवली. खूश झाले की त्यांच्या मराठीत जर्मन शब्द शिरतात. "सापडलं! आल्झो, ऐक. ह्या देशात मासा पकडून गंमत म्हणून सोडून देता येत नाही. कायदेशीर कारण लागतं. खाणं हे कारण. मी खात नाही, म्हणजे मला कारण नाही. आजपासून तू माझं कारण."

"अहो, पोरीला भाकरी तरी करू द्या," आतून काकू म्हणाल्या.

"मी पकडणार, ती मारणार, तीच खाणार. पापाची वाटणी व्यवस्थित केली आहे मी."

"आणि तुमच्या वाट्याला काय?"

"सर्दी," काका म्हणाले.

फक्त एक अडचण होती. इथे गळ टाकायचा किंवा पकडलेला मासा मारायचा तर परवाना लागतो, आणि परवान्याला परीक्षा. मासे पकडायला परीक्षा! हर्णैत सांगितलं तर बंदर बंद ठेवून हसतील. मी हात धुऊन चप्पल शोधायला लागले.

"हे बघ," काका हळूच म्हणाले, "मलाही द्यायचीच आहे. पण एकट्याला भीती वाटते गं. नापास झालो तर लोक काय म्हणतील?"

तीस वर्षं मोठमोठ्या यंत्रांची डिझाइनं केलेला हा माणूस, आणि भीती वाटते म्हणतो. मला इतकी दया आली की मी चक्क हो म्हणाले.

दर शनिवारी वर्ग असायचा. काका पहिल्या बाकावर, शेजारी मी. आणि काय सांगू, काका इतके मठ्ठ निघाले! शिकवणारे गृहस्थ एक वाक्य बोलले की ह्यांचा हात वर. "कल्ले म्हणजे काय? पुन्हा सांगता? सावकाश?" मागची दाढीवाली मंडळी उसासे टाकायची. मी शरमेनं खाली बघायचे. पण खरं सांगते, मलाही तेच विचारायचं असायचं.

घरी आल्यावर तर कहर. "माझ्या डोक्यातून सगळं गेलं बघ. तूच सांग, ट्राउटला पंख किती?" मग मी पीठ मळता मळता त्यांना शिकवायचे. जर्मनमध्ये, कारण परीक्षा जर्मनमध्ये. काका विसरायचे, मी पुन्हा सांगायचे. शेवटी शेवटी तर मी त्यांना रागवायलासुद्धा लागले होते.

फक्त रुटेचं त्यांना काही शिकवावं लागायचं नाही. "उत्तरेत हिला क्वाप्पे म्हणतात, आपल्याकडे दक्षिणेत रुटे, कुणी आलरुटेही म्हणतं. पण आलमुटर म्हणालीस तर मासाच वेगळा! तो समुद्रातला. त्याला अंडी नाही, थेट पिल्लं होतात. गोंधळ करायचा नाही. ही कॉडच्या खानदानातली. सगळं गणगोत समुद्रात, ही एकटीच गोड्या पाण्यात राहायला आली. आणि बाकीचे मासे थंडीनं गारठतात तेव्हाच हिला भूक लागते."

"व्हिसा कुठला म्हणे हिचा?" काकूंनी विचारलं.

परीक्षेच्या दिवशी मला दोनदा उलटी झाली. काका म्हणाले, "माझी दुपारची बॅच आहे. तोवर मी तुझी पिशवी धरून बाहेर बसतो." आत गेले, आणि पहिल्याच चित्रात एक मासा. हनुवटीवर एकच मिशी. रुटे! मी मोठ्यानं हसले. परीक्षकांनी बघितलं तशी मान खाली घातली, पण ते फाटक डोळ्यांसमोरून गेलं होतं.

मी पास झाले. सातवीनंतर पहिल्यांदा. संध्याकाळी काका म्हणाले, "मीपण," आणि काकूंनी शेंगापोळ्या केल्या.

मग आमच्या शनिवारच्या स्वाऱ्या निघाल्या. रुटेसाठी थेट डोनाऊ नदी गाठायची. दोनदा गाडी बदलायची, त्यात एक हमखास उशिरा. काकांच्या खांद्यावर गळाच्या काठ्या, हातात थर्मास आणि घडीचे दोन स्टूल. एक करडा, नवा. दुसरा हिरवा, जुना. त्याच्या मागे पेनानं 'वाल्टर' लिहिलेलं. मला वाटलं कंपनीचं नाव असेल. तो माझा. मी बसायच्या आधी काका तो दरवेळी रुमालानं पुसायचे, आणि मी मनात म्हणायचे, काय ही स्वच्छता!

चार वाजता अंधार पडायचा. काठीला बांधलेली घंटी वाजायची वाट बघत आम्ही कुडकुडायचो. चार शनिवार गांडुळं जेवून पळणारे भलतेच मासे. पाचव्या शनिवारी घंटी वाजली.

"आल्या! बाई आल्या!" काका स्टुलावरून पडले. मी ओढून घेतली. ठिपक्याठिपक्यांची, बुळबुळीत, मनगटाला बांगडीसारखी विळखा घालणारी. हनुवटीवर एकच मिशी.

तेवढ्यात आमच्यावर बॅटरीचा उजेड पडला. तपासनीस! कागद दाखवा म्हणाला. माझा परवाना नवा कोरा होता, मी लगेच पुढे केला. मग तो काकांकडे वळला. काकांनी सगळे खिसे उलटे केले. शेंगापोळी निघाली, भिंग निघालं, थर्मासचं झाकण निघालं. शेवटी नाइलाजानं आतल्या खिशातून एक कडा झिजलेली, पिवळी पडलेली पुस्तिका निघाली.

बॅटरीच्या उजेडात मी फोटो बघितला. फोटोतल्या काकांना केस होते. भरपूर, काळेभोर, कानांवर आलेले. आज काकांच्या डोक्यावर भाकरी थापावी इतकी सपाट जागा आहे.

"काका, तुमच्याकडे परवाना होताच? मग वर्गात माझ्याबरोबर..."

"उजळणी," काका पाण्याकडे बघत म्हणाले.

तपासनिसानं रुटे मोजली. नियमापेक्षा दोन बोटं कमी. सोडून द्यावी लागणार. काकांचा चेहरा उजळला. "नियम म्हणजे नियम! या बाई, मोठ्या होऊन या," म्हणत त्यांनी दोन्ही हातांनी तिला पाण्यात सोडलं.

मंगळवारी भाकरी करताना मी काकूंना त्या जुन्या परवान्याचं विचारलं. त्या मनगट चोळत सांगू लागल्या.

"वाल्टर आमच्या खालच्या मजल्यावर राहायचे. हे नवीन आले तेव्हा ह्यांना जर्मनचे दोन शब्द येत नव्हते. वाल्टरनी ह्यांना त्या हिरव्या स्टुलाशेजारी बसवून बोलायला शिकवलं. परवान्याची परीक्षाही त्यांनीच द्यायला लावली. हे पकडायचे, वाल्टर खायचे. पंचवीस हिवाळे. मग वाल्टर वारले. आठ वर्षं काठ्या खाली केलरमध्ये, तळघरात पडून होत्या. मी म्हणायचे, जा हो एखाद्या शनिवारी. तर म्हणायचे, कसा जाऊ? माझं कारण गेलं."

घरी येऊन मी पिठाचा डबा उचलला. फॉर्मवर पिठाचं गोल उठलं होतं. तो झटकून भरला, आणि दुसऱ्या दिवशी पेटीत टाकून आले. मार्चमध्ये माझी परीक्षा आहे. काका म्हणतात, त्यांचं जर्मन फार कच्चं झालंय, मंगळवारी भाकरी करताना जरा त्यांचीही उजळणी घेशील का.

काका, हे सगळं मी एक दिवस फेडीन. मापात बसणारी रुटे मिळेल त्या दिवशी मी ती शेवटच्या काट्यापर्यंत खाईन, आणि त्यानंतरच्या प्रत्येक हिवाळ्यात हिरव्या स्टुलावर येऊन बसेन. तुम्हाला पुन्हा कारण कमी पडू देणार नाही.