ताळेबंदाखालची टीप

डोळे मिटा आणि समजा, की तुमच्या बाबांची परीक्षा आहे. तुमची नाही, बाबांची. ते सकाळी डबा घेऊन कामावर जातात, संध्याकाळी येतात, हातपाय धुतात आणि तुमच्यासारखंच तोंड करून पुस्तक उघडतात. तुम्ही अंगणात लंगडी खेळायला लागलात की आई खिडकीतून सांगते, "हळू, बाबांचा अभ्यास चाललाय." आणि निकाल लागला की घरात कुणी कुणाकडे बघत नाही. समजलात? मग आता डोळे उघडा, कारण मैत्रीच्या घरी हे सगळं खरंच चाललं होतं.

मैत्रीचे बाबा रत्नपाल म्हसळ्याजवळच्या एका गावात राहायचे आणि बंदराजवळच्या बर्फाच्या कारखान्यात हिशेब बघायचे. दिवसभर बर्फाच्या लाद्या आणि ट्रकवाल्यांची बिलं, आणि घरी आलं की सीएच्या शेवटच्या परीक्षेची जाडजूड पुस्तकं. ही परीक्षा ते पहिल्यांदा देत नव्हते. कितव्यांदा देत होते, हे घरात कुणी विचारत नसे.

त्यांच्या शिकवणीच्या सरांनी मोबाइलवरच्या तासाला एकदा सांगितलं होतं, की जी गोष्ट लहान मुलाला समजावता येते तीच तुम्हाला कळलेली असते. रत्नपालनी ते मनावर घेतलं. ते रोज संध्याकाळी ओट्यावर बसायचे, समोर तिसरीतल्या मैत्रीला बसवायचे आणि तिला समजावायचे. मैत्रीलाही ते फार आवडायचं. बाबा दिवसभरात तिच्याशी एवढंच बोलत असत.

आता बर्फाच्या कारखान्याची उदाहरणं मुलीला काय कळणार? म्हणून रत्नपाल घरातलीच उदाहरणं द्यायचे. मिक्सर दरवर्षी थोडा थोडा जुना होतो, तो घसारा. आजीचा गुडघा आता कितीही औषध लावलं तरी पहिल्यासारखा होणार नाही, मग त्याची किंमत कमी करून दाखवायची. आतून बायजाबाई ओरडायच्या, "माझा गुडघा कशाला तुझ्या पुस्तकात? दुसऱ्या कुणाचा घे की."

एका संध्याकाळी संभाव्य देण्याचा, म्हणजे पुढे द्यावी लागेल की नाही हे पक्कं नसलेल्या रकमेचा, धडा आला. रत्नपालना उदाहरण सुचेना. तेवढ्यात त्यांची धाकटी बहीण दीक्षा कामावरून आली. ती म्हसळ्याच्या एका औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट होती. शेजाऱ्यांनी पालापाचोळा पेटवला होता, त्या धुरातून येताना तिला खोकला आला, आणि रत्नपालना उदाहरण सापडलं.

"हे बघ मैत्री, आत्याला दमा आहे. पण रोज होतो का?"

"नाही. थंडीत. नाहीतर धुरात."

"म्हणजे होईलही, नाहीही होणार. अशी गोष्ट ताळेबंदात धरायची नाही. पण लपवायचीही नाही. खाली टीप देऊन सांगून टाकायची."

"कुणी विचारलं नाही तरी?"

"विचारायची वाट बघत बसणारा ऑडिटर काय कामाचा?" रत्नपाल म्हणाले. स्वतःचं हे वाक्य त्यांना इतकं आवडलं, की त्यांनी ते पुन्हा एकदा म्हटलं.

मुलांना शिकवलं की ती शिकतात, हीच यातली अडचण आहे.

त्याच महिन्यात दीक्षाला चौलचं स्थळ आलं. मुलगा निकेश, शाळेत मास्तर. दोघांची एकदा म्हसळ्यात एका ओळखीच्यांकडे भेटही झाली होती, आणि त्या दिवसापासून दीक्षा दुकानातून येताना गुणगुणत यायची. इतकी स्थळं आली आणि गेली, पण गुणगुणली ती याच वेळी. ते सगळ्यांच्या लक्षात आलं होतं. सगळ्यांना मनापासून वाटत होतं, की एवढं जमावं.

दीक्षाला त्या भेटीतच दम्याचं सांगायचं होतं, पण चारचौघांत जमलं नव्हतं. "बघायला येतील तेव्हा मी सांगते," ती आईला म्हणाली. बायजाबाईंनी हातातला झाडू खाली ठेवला. "काय सांगतेस? लग्न होऊ दे, मग सांग. आधी सांगितलंस तर माणसं उठून जातात. माझ्या भाचीचं तसंच झालं." दीक्षानं झाडू उचलून कोपऱ्यात ठेवला. पण ती सांगणार होती. कधी आणि कसं, ते ती मनात जुळवत होती.

पाहुणे रविवारी दुपारी आले. आगरदांड्याला फेरीबोटीत गाडी चढवून, दिघीला उतरून, घामाघूम होऊन आले. निकेश, त्याची आई आवडाबाई आणि मामा भागोजी. "जय भीम, जय भीम" झालं, पाणी झालं. मैत्रीच्या आईनं, क्रांतीनं, घावणे आणि नारळाचा रस पुढे ठेवला. बायजाबाई म्हणाल्या, "सगळं दीक्षानंच केलंय. तिच्या हाताला चवच तशी हाय."

रत्नपालची परीक्षा पुढच्याच आठवड्यात होती. बहिणीचं बघणं सोडून अभ्यासाला बसणं बरं दिसलं नसतं, आणि अभ्यास सोडणं परवडत नव्हतं. म्हणून त्यांनी मधला मार्ग काढला होता. पाहुण्यांच्या बाजूला नसलेल्या कानात त्यांनी बिनवायरचं इवलंसं यंत्र घातलं होतं, आणि त्यात शिकवणीचे सर दुप्पट वेगानं बोलत होते. सरांचा मुद्दा पटला की रत्नपाल मान हलवायचे. भागोजीमामांना वाटलं, काय ऐकून घेणारा माणूस आहे.

मामांनी शिक्षण विचारलं, पगार विचारला, सुट्टी कधी असते ते विचारलं. मग घावण्याचा तुकडा रसात बुडवत म्हणाले, "तब्येत वगैरे बरी असते ना मुलीची?"

"तिला काय धाड भरलीय," बायजाबाई म्हणाल्या. "साधी सर्दी म्हणून न्हाय."

मैत्री पाण्याचे रिकामे पेले उचलत होती. ती थांबली. तिनं बाबांकडे पाहिलं. आता बाबा सांगतील, असं तिला वाटलं. बाबांनी नुसती मान हलवली. मग तिनं पेले खाली ठेवले, शाळेत कविता म्हणताना उभी राहायची तशी हात मागे बांधून उभी राहिली आणि म्हणाली, "आजी, ते टिपेत सांगावं लागतं."

"कसली टीप गं बाळा?" मामांनी कौतुकानं विचारलं.

"आत्याला दमा आहे. रोज नाही. थंडीत आणि धुरात. येईलही, नाहीही येणार. म्हणून तो ताळेबंदात धरायचा नाही, पण खाली लिहायचा."

दीक्षा त्याच वेळी चहाचा ट्रे घेऊन दारात आली होती. ती तिथंच थबकली. बायजाबाई घाईघाईनं हसल्या. पोर बडबडी आहे, बाप शिकवतो आणि ती पोपटासारखी बोलते, असं काहीबाही म्हणाल्या. आवडाबाई हसल्या नाहीत. मामांनी रत्नपालकडे वळून विचारलं, "व्हय का हो? पोरगी बोलते ते खरं हाय?"

नेमका त्याच क्षणी सरांनी दुप्पट वेगात एक अवघड गणित सोडवलं होतं. रत्नपालनी डोळे मिटून मान डोलावली. "बरोबर," ते पुटपुटले. "अगदी बरोबर."

बाबांनी सगळ्यांसमोर अशी शाबासकी मैत्रीला कधी दिली नव्हती. तिचा चेहरा फुलला, आणि तिनं बाकीचंही सांगायला घेतलं. आजीचा गुडघा दुरुस्त होण्याच्या पलीकडे गेला आहे. ज्या काकांनी स्थळ सुचवलं ते आईच्या मावशीचे दीर लागतात, म्हणजे घरचेच, तेव्हा त्यांनी केलेलं कौतुक वेगळं दाखवायला हवं. आणि घावणे आत्यानं केलेले नाहीत, शेजारच्या नीराबाईंनी करून पाठवलेत, कारण आत्याचे तव्याला चिकटतात.

"सुंदर मुद्दा," रत्नपाल म्हणाले.

क्रांतीनं त्यांना कोपरानं ढोसलं तेव्हा ते यंत्र कानातून निसटलं आणि थेट रसाच्या वाटीत पडलं. वाटी मामांची होती. मामांनी ते बोटांनी बाहेर काढलं, उलटसुलट करून पाहिलं आणि ताटाच्या कडेला ठेवलं. निकेश एकदा दीक्षाकडे बघत होता, एकदा स्वतःच्या हातांकडे. त्याला काहीतरी बोलायचं होतं, पण मामा उठले आणि तोही उठला.

"कळवतो," मामा म्हणाले.

कळवतो म्हणणारे कसं कळवतात, ते बायजाबाईंना चांगलं ठाऊक होतं. गाडीचा आवाज वळणापलीकडे गेला तरी त्या अंगणातच उभ्या राहिल्या.

घरात दीक्षा आरडाओरडा करेल असं सगळ्यांना वाटलं होतं. तिनं तो केला नाही. ती एवढंच म्हणाली, "दादा, मला स्वतःला सांगायचं होतं त्यांना. मी सांगणारच होते. आता त्यांना वाटणार, आम्ही लपवत होतो आणि लहान पोरीनं पकडलं." मग ती आत गेली. त्या दिवसापासून गुणगुणणं बंद झालं.

रत्नपालना स्वतःचा राग आला होता. पण मोठ्या माणसाला स्वतःचा राग आला, की तो कुठंतरी ठेवायला जागा लागते. त्यांनी मैत्रीला हाक मारली.

"कुणी विचारलं होतं तुला?"

"कुणी नाही."

"मग कशाला बोललीस?"

"तुम्हीच म्हणालात ना, विचारायची वाट बघणारा ऑडिटर काय कामाचा?"

उत्तर नसलं की मोठी माणसं जे म्हणतात, ते रत्नपालनी म्हटलं. "मोठ्यांच्या मध्ये बोलायचं नाही. समजलं?"

"बरं," मैत्री म्हणाली.

आणि तिनं ते पाळलं, कारण सांगितलेलं पाळणारीच मुलगी होती ती. दुसऱ्या दिवशी रत्नपालनी ओट्यावर पुस्तक उघडलं तर समोर कुणी नव्हतं. त्यांनी हाक मारली. मैत्री आली, नीट मांडी घालून बसली आणि सगळा धडा संपेपर्यंत एक प्रश्नही विचारला नाही. 'म्हणजे कसं?' हे ती दर दोन वाक्यांनी विचारायची. तेवढं नसताना धडा कोरड्या विहिरीत दगड टाकल्यासारखा वाटू लागला. त्यांनी तिला जायला सांगितलं.

बायजाबाईंना मुलाची दया आली. "मला सांग," म्हणत त्या समोर येऊन बसल्या. पण त्या धडा पुढे जाऊच देईनात. दमा जगाला सांगायचा असतो असं पुस्तकात लिहिणाऱ्या माणसाला स्वतःची मुलगी उजवायची होती का, तेवढं आधी सांग, असं त्यांचं म्हणणं. शेवटी रत्नपाल दावणीच्या म्हशीला समजावू लागले. ती निदान मध्ये बोलत नव्हती. पण मैत्रीचं न बोलणं आणि म्हशीचं न बोलणं यातला फरक त्यांना रोज जाणवायचा.

परीक्षा पनवेलला होती. कारखान्यानं कशीबशी सुट्टी दिली होती. एका पेपरात संभाव्य देण्यावर मोठा प्रश्न आला. रत्नपालनी तो भराभर लिहिला, इतका चांगला की असा त्यांनी कधीच लिहिला नव्हता. लिहून झाल्यावर पेन खाली ठेवलं आणि त्यांना हात मागे बांधून उभी असलेली मैत्री दिसली. तिनं अगदी हेच सांगितलं होतं. एका शब्दानंही चुकली नव्हती. इथं या उत्तराला मार्क मिळणार होते, आणि तिला घरी ओरडा मिळाला होता.

शेवटचा पेपर देऊन येताना एसटीत त्यांनी तिला काय सांगायचं ते जुळवलं. शिकवलं ते बरोबर होतं, ओरडलो ते चुकीचं. एवढंच. पण माणगाव गेलं, म्हसळा आलं, तरी ते वाक्य नीट बसेना.

घरी पोचले तर ओट्यावर, त्यांच्याच अभ्यासाच्या जागी, निकेश बसला होता. एकटा. मांडीवर हेल्मेट, कपड्यांवर रस्त्याची तांबडी धूळ. बायजाबाई खांबाला टेकून उभ्या होत्या आणि मैत्री पायरीवर गप्प बसली होती.

निकेशला बोलायला जड जात होतं. शेवटी म्हणाला, "दादा, आमच्याकडनं पण एक टीप राहिली होती. मामांनी माझी नोकरी पक्की म्हणून सांगितली. ती पक्की नाही. कंत्राटी आहे. दरवर्षी नवीन ऑर्डर निघते, कधी निघत नाही. त्या दिवशी ही एवढीशी पोरगी खरं बोलत होती आणि मी मास्तर असून गप्प बसलो." त्यानं हेल्मेट फिरवलं. "मामांना न सांगता आलोय. मला दीक्षाला हे स्वतः सांगायचं होतं. तिला चालत असेल, तर मला दमा चालतो."

रत्नपाल काही बोलणार, एवढ्यात बायजाबाई मान ताठ करून म्हणाल्या, "दीक्षा घरात न्हाय. कामावर गेलीय. आमच्या पोरी काय वाट बघत बसल्या न्हाईत."

रत्नपालनी पाहिलं. दीक्षाच्या चपला पायरीशीच होत्या. निकेशलाही त्या दिसत होत्या, पण त्या कुणाच्या ते त्याला माहीत नव्हतं. तो उठला आणि हेल्मेट डोक्यात घालू लागला.

रत्नपालनी मैत्रीकडे पाहिलं. एसटीत जुळवलेलं सगळं ते विसरले होते. ते एवढंच म्हणाले, "मैत्री, सांग."

मैत्रीनं मान हलवली. नाही. मोठी माणसं बोलत होती.

मग ती पायरीवरून उठली, निकेशच्या बाजूनं ओट्यावर चढली आणि घराचं अर्धवट लोटलेलं दार दोन्ही हातांनी सताड उघडलं. दाराआड दीक्षा उभी होती.