अकरा वर्षे घरीच

शिक्षणात खंड पडणे हा गुन्हा नाही, असे विद्यापीठाचे स्वच्छ मत आहे. ज्याच्या शिक्षणात खंड पडला त्याने तो गुन्हा नव्हता हे स्टॅम्पपेपरवर, शपथेवर आणि दोन प्रतींत सांगावे, एवढीच माफक अपेक्षा असते. माणसाने आयुष्यातली वर्षे कशीही घालवावीत. ती वाया घालवल्याचा पुरावा मात्र जवळ ठेवावा.

दत्तू शेळके याच्याकडे तो पुरावा नव्हता. परतूरकडच्या एका गावातून तो पंच्याऐंशी साली बारावी पास होऊन सुरतेला आला आणि भेस्तानला जयंतीशेठच्या कापड कारखान्यात लूमवर उभा राहिला. 'उभा राहिला' हे शब्दशः घ्यावे, कारण लूमवर बसायची सोय नसते. बारा तासांच्या पाळीत आठ लूम सांभाळायचे, तुटलेला धागा दिसला की धावत जाऊन गाठ मारायची, आणि शेजारच्या माणसाशी बोलायचे तर बोंब मारायची. अकरा वर्षांत दत्तूला दोन गोष्टी आल्या : एका हाताने गाठ मारणे आणि हळू न बोलणे.

शहाण्णव सालच्या जुलैत त्याने बी.ए.ची परीक्षा बाहेरून द्यायचा फॉर्म आणला. महापालिकेच्या मराठी शाळेतल्या एका बाईंनी त्याला सांगितले होते की पदवी असली तर शाळेत कारकुनाची जागा निघते, आणि तिथे खुर्ची असते. दत्तूच्या डोक्यात ती खुर्ची बसली. फॉर्म भरायची शेवटची तारीख शनिवार होती.

फॉर्ममध्ये अकरावा रकाना असा : 'शिक्षणात खंड असल्यास कारण.' त्यापुढे दोन इंच जागा होती. (खंड कितीही मोठा असला तरी जागा दोनच इंच. यामागे समानतेचे तत्त्व आहे.) दत्तूने त्यात 'लूमवर काम करत होतो' असे लिहिले. एवढे लिहूनही अर्धा इंच उरला, याचे त्याला वाईट वाटले.

विद्यापीठाच्या खिडकीत नटुभाई होते. चांगला माणूस. कोणाचाही अर्ज ते पहिल्या खेपेला घेत नसत. माणसाला दुसऱ्यांदा भेटण्याची त्यांना आवड होती.

"काम किया, तो दाखला लाव," नटुभाई म्हणाले.

"दाखला नाही, साहेब," दत्तू म्हणाला. मागच्या इमारतीतल्या दोघांनी खिडकीबाहेर पाहिले.

"भाई, धीमे. अमे बहेरा नथी." नटुभाईंनी चष्मा पुसला. "दाखला नथी, तो काम नथी. सीधी बात."

बात खरोखरच सीधी होती. दत्तू जयंतीशेठकडे गेला. शेठने त्याला पाणी दिले, त्याच्या मुलीची चौकशी केली आणि मस्टर उघडून दाखवले. कारखान्यात चाळीस माणसे असली तरी मस्टरवर सहा नावे होती : चार शेठच्या मावश्यांची, एक मेव्हण्याचे आणि एक वारलेल्या मेहताजींचे. (ते वारल्यापासून त्यांची एकही गैरहजेरी नाही.)

"आमां तारू नाम क्यां छे?" शेठने विचारले. दत्तूने शोधले. नव्हते.

"मग मी अकरा वर्षं कुठं होतो, शेठ?"

"ते तुला माहीत," शेठ मराठीत म्हणाले. नाजूक विषयावर ते समोरच्याच्या भाषेत बोलत.

दाखला नाही तर प्रतिज्ञापत्र तरी करावे, म्हणून मग दत्तू अठवालाइन्सच्या कोर्टात गेला. तिथे झाडाखाली श्रीरंग टायपिस्ट बसत. मूळचे सांगलीचे, बावीस वर्षे त्याच झाडाखाली. शिक्षणातल्या खंडाचा शहरात त्यांच्याइतका अभ्यास कोणाचा नव्हता. आजवर त्यांनी साडेचार हजार प्रतिज्ञापत्रे टाइप केली होती, आणि त्यांचा हिशेब तोंडपाठ होता : कावीळ अडतीस टक्के, आईचे आजारपण सत्तावीस, घरगुती अडचण सव्वीस, वडिलांची बदली नऊ. काम केले म्हणून खंड पडला, असा एकही माणूस त्यांना भेटला नव्हता. चौऱ्याण्णवच्या प्लेगनंतर तापाची मागणी वाढली होती. प्लेग शहरात काही आठवडेच राहिला, पण प्रतिज्ञापत्रांत तो दोन-दोन वर्षे मुक्काम करी. श्रीरंग तो काविळीतच धरत.

"हं, बोला. कावीळ की घरगुती?"

"लूमवर होतो," दत्तू म्हणाला. झाडावरचे कावळे उडाले.

"ते आजारात येत नाही. किती वर्षं?"

"अकरा."

श्रीरंगांनी मशीनवरून हात काढला. "अकरा वर्षं कावीळ झालेला माणूस फॉर्म भरायला येत नाही हो. घरगुतीच घालू."

"पण घरी कुठं होतो मी?"

"शेळके, बाकीचे सगळे घरी होते आणि तुम्ही एकटे कामावर, हे दिसायला बरं दिसतं का?"

टाइप झालेला मजकूर गुजरातीत होता. श्रीरंगांनी तो मराठीत समजावून सांगितला : सदर काळात मी घरगुती अडचणीमुळे घरीच होतो, कोठेही नोकरी, धंदा अगर मजुरी केलेली नाही, कोणताही गुन्हा केलेला नाही. हे खोटे ठरल्यास मी शिक्षेस पात्र राहीन. (खरे ठरल्यास काय, याबद्दल मजकूर काही बोलत नाही.)

नोटरींनी मान वर न करता विचारले, "सब सच है?"

दत्तूने "हो" म्हटले. तो आपल्या समजुतीने हळूच म्हणाला होता. पण आठ लूमच्या वरून ऐकू जाईल असा तो आवाज होता, आणि आपण कधीही लूमवर नव्हतो हे त्याने त्याच आवाजात सांगितले. पलीकडच्या दालनात एक वकील बोलता बोलता थांबला म्हणतात. नोटरींनी शिक्का मारला. कान त्यांच्या अधिकारकक्षेत येत नव्हते.

घरी प्रमिलाबाईने, म्हणजे दत्तूच्या बायकोने, तो कागद उलटासुलटा करून पाहिला. "काय लिहिलंय?"

"अकरा वर्षं घरीच होतो म्हणून."

"घरी?" तिने कागद खाली ठेवला. "मला तर कधी दिसला नाहीत. पोरीला तुमची वळख पटायला तीन वर्षं लागली. अन् घरीच होता तर पानी कोन भरत होतं? तेबी लिवून घ्यायचं ना, शपथेवर."

"त्याला कॉलम नाही."

"मग तुमच्या घरी दुसरं कोन होतं, ते तरी इचारा त्या साहेबाला."

शनिवारी फॉर्म गेला. कागद बांधायची दोरी तुटली होती. नटुभाई नवी शोधायला उठले तेवढ्यात दत्तूने तुटलेल्या दोरीला एका हाताने गाठ मारून दिली. पुढे नटुभाई ती गाठ दोन दिवस सोडवत होते. ती सुटली नाही. अखेर 'अर्जदार घरीच होता' या कागदासह ती फाइल तशीच कपाटात गेली. तिथल्या सगळ्या कागदांत खरे काय ते त्या गाठीतच होते, पण गाठीवर शिक्का मारायची सोय नाही.

प्रवेश मिळाला. बातमी कारखान्यात पोचली, आणि कधी नव्हे ते जयंतीशेठ लूमपर्यंत चालत आले. त्यांना प्रतिज्ञापत्राची प्रत हवी होती. ती त्यांनी दोनदा वाचली, कपाळाला लावली आणि म्हणाले, "दत्तू, शिक्षण फार मोठी गोष्ट. सगळ्यांनी शिकायला पाहिजे."

पुढच्याच आठवड्यात श्रीरंगांचे मशीन टेम्पोतून भेस्तानला आले. चाळीसही कामगारांची प्रतिज्ञापत्रे झाली, सगळा खर्च शेठचा. ज्यांनी शाळेचे तोंड पाहिले नव्हते त्यांचाही खंड शपथेवर सिद्ध झाला. श्रीरंगांची टक्केवारी त्या एका दुपारी बिघडली. घरगुती अडचण आईच्या आजारपणाच्या बरोबरीला आली. फॅक्टरी इन्स्पेक्टर आले तेव्हा शेठने त्यांच्यापुढे फाइल ठेवली. लूम धडधडत होते, माणसे धावत होती, आणि फाइलप्रमाणे त्यांतला प्रत्येक जण घरी होता. इन्स्पेक्टर कागदावर विश्वास ठेवणारे होते; त्यांनी खाली सही केली.

एप्रिलमध्ये परीक्षा आली. दत्तूने पाच दिवसांची सुट्टी मागितली. शेठने फाइल काढली, त्याचाच कागद त्याच्यापुढे धरला.

"जो कामावरच नाही, त्याला मी सुट्टी कशी देऊ?"

दत्तूने विचार केला. मुद्द्यात खोट नव्हती. खाली सही त्याचीच होती. आणि न विचारता गेलो तर आठही लूम संध्याकाळपर्यंत दुसऱ्याकडे जातील, हे त्याला कागदाशिवाय कळत होते. परीक्षा झाली, ती त्याच्यावाचून. जूनमध्ये तो पुन्हा त्या झाडाखाली उभा होता.

"किती?" श्रीरंगांनी विचारले.

"बारा."

त्यांनी जुनी कार्बन प्रत काढली आणि अकराचे बारा केले. बाकी एक अक्षरही बदलावे लागले नाही. मजकूर इतका पक्का होता.

दत्तूने एकदा हिशेब घातला होता. दिवसाला एकशे साठ मीटर, वर्षाचे तीनशे दिवस, अकरा वर्षे : सव्वापाच लाख मीटरच्या वर कापड. साडीचे, शर्टाचे, अस्तराचे. ते देशभर गेले. पण आता ते कोणीही विणलेले नाही; चाळीस माणसांनी तसे शपथेवर सांगितले आहे, नोटरीचा शिक्का आहे, इन्स्पेक्टरांची सही आहे. जे विणलेलेच नाही, ते कोणाच्या अंगावरही असू शकत नाही. तेव्हा हे वाचणाऱ्या सभ्य गृहस्थांना आणि बाईंना विनंती, की स्वतःच्या अंगाकडे एकदा पाहून आधी दार लावून घ्यावे.