प्रमाणपत्राशिवाय आठवू नये

निपाणीच्या आमच्या बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, पहाटेचा पाठ सांगणाऱ्या साठीवरच्या प्रत्येकाकडे यापुढे मेंदूचे प्रमाणपत्र असावे, असा ठराव ट्रस्टने केला. अध्यक्ष जिनाप्पा आण्णांनी मेंदूच्या संशोधनाचा एक व्हिडिओ पाहिला होता. निम्माच पाहिला होता, पण ठराव पूर्ण झाला.

बावीस वर्षे पाठ मीच सांगते. तो सुटू नये, एवढ्यासाठी तपासणीच्या शिबिरात पहिला नंबर लावला.

"आक्का, आज तारीख काय?" तपासणारा अभिनंदन म्हणाला.

"श्रावण शुद्ध अष्टमी."

"आणि साल?"

"वीर निर्वाण दोन हजार पाचशे एक्कावन्न."

त्याने लिहिले : रुग्ण पाचशे सव्वीस वर्षे पुढे.

"काल रात्री काय जेवलासा?"

"काय न्हाय."

"आठवा की जरा."

"रात्रीचं जेवत न्हाय रं मी. चाळीस वर्षं झाली."

त्याने लिहिले : चाळीस वर्षांची जेवणे आठवत नाहीत.

मग त्याने पाच शब्द सांगितले. चावी, पेरू, घंगाळ, तंबाखू, सावली. पाच मिनिटांनी परत विचारणार होता. घड्याळात नऊला दोन कमी. नऊ वाजता माझे सामायिक असते. अठ्ठेचाळीस मिनिटे मौन. हे सांगायला मी तोंड उघडले.

"मधी बोलू नकासा, आक्का. मेंदूचं ध्यान हलतंय."

नऊ वाजले. मी डोळे मिटले.

"आक्का? पयला शब्द तरी?"

"गेली रं," जिनाप्पा आण्णा हळहळले. "लई भराभरा गेली." आणि अहवाल वाचायला चष्मा शोधू लागले. तो त्यांच्या कपाळावर होता. अहवालात आले : शब्द शून्य, हाकेला प्रतिसाद नाही, चेहरा मात्र समाधानी.

पाठ नागेंद्रकडे गेला. तो अध्यक्षांचा भाचा. पाचही शब्द तळहातावर लिहून रीतसर उत्तीर्ण झालेला. दुसऱ्या पहाटे तेराव्या श्लोकाला त्याच्या मोबाईलची बॅटरी संपली. पाठ तिथेच अडला. मी खांबाआडून हळूच पुढचा चरण सांगितला.

जिनाप्पा आण्णा जवळ आले. "आक्का, राग धरू नकासा. पण प्रमाणपत्राशिवाय आठवायचं न्हाय. नियम हाय."

नियम म्हटला की मी पाळते. इतक्या व्रतांत आणखी एक. श्लोक येतात, मी ओठ मिटून घेते. ते पाच शब्द मात्र काही केल्या जात नाहीत.

तुम्ही तर ते आत्ताच वाचलेत. वर न बघता म्हणा पाहू. तीनच आले तरी मनाला लावून घेऊ नका; ट्रस्टवर एक जागा रिकामी आहे.