काटा तांबड्यावर

बाइंडरांनी गाडीचा थर्मोस्टॅट दुधाच्या पातेल्यात उकळायला ठेवला तेव्हा त्यांच्या पत्नी ओट्यापाशीच उभ्या होत्या. पण सव्वीस वर्षांच्या संसारात त्यांनी याहून विचित्र गोष्टी पाहिल्या होत्या. पाणी ब्याऐंशी अंशांवर पोचले की ही पितळी झडप उघडली पाहिजे, म्हणजे इंजिनातले तापलेले पाणी रेडिएटरकडे निवायला जाऊ शकते, एवढा खुलासा बाइंडरांनी तापमापकावरची नजर न हलवता केला. झडप बरोबर ब्याऐंशीला उघडली. बाइंडरांचा चेहरा उतरला.

"पास झाला ना तो? मग तोंड का पाडताय?" पत्नींनी विचारले.

"पास झाला म्हणूनच."

"बरं. ते पातेलं आता गॅरेजमध्येच नेऊन ठेवा. माझ्या स्वयंपाकघरात ते पुन्हा दिसायला नको."

गेले तीन आठवडे त्या घरात हेच चालले होते. गाडी रस्त्याला लागून पाच-सात मैल झाले की तापमानाचा काटा मध्यावरून उठे आणि जराही घाई न करता, ठरलेल्या ठिकाणी निघालेल्या माणसासारखा तांबड्या रेषेवर जाऊन उभा राही. बाइंडरांनी त्यासाठी एक नवी कोरी वही घातली होती. पहिल्या पानावर 'कारण : अज्ञात' असे लिहून पुढे दररोजचे अंतर, चढ, हवेतला उष्मा आणि काट्याची जागा यांची ते नोंद करीत. व्यवसाय पुस्तके बांधण्याचा. हातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक वस्तूवर सूचनेची चिठ्ठी चिकटवल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. ग्राहकांच्या ग्रंथांवर 'ओल टाळणे', घरातल्या छत्रीवर 'वाळवून मिटणे', आणि एकदा झोपलेल्या जावयाच्या बॅगेवर 'चेन डावीकडून ओढणे'. ते थोरल्या मुलीचे यजमान. त्यानंतर ते फारसे आले नाहीत.

धाकटीचे दुःख वेगळे होते. तिला चार तासांच्या अंतरावरच्या शहरात नोकरी लागली होती. ती नोकरी तिने का घेऊ नये, याचे बाइंडरांनी सहा आठवडे सर्व बाजूंनी विवेचन केले. ते संपल्यावर तिने शांतपणे होकार कळवून टाकला. तेव्हापासून बापलेकीत मीठ द्या, दिवा घालवा, याखेरीज संभाषण उरले नव्हते. फक्त एकदा ते म्हणाले, "मी सोडायला येईन तुला. गाडीने." ती म्हणाली, "बरं." त्या एका 'बरं'वर बाइंडर तगून होते. त्यांना तिला सांगायचे होते की माझं चुकलं. वाक्य दोनच शब्दांचे. पण ते उच्चारण्यासाठी त्यांना चार तास हवे होते, आणि तेही समोर रस्ता असताना, एकमेकांच्या तोंडाकडे पाहण्याची सक्ती नसताना.

मेकॅनिक गृहस्थ भला होता. त्याने कूलंट बदलले, रेडिएटर धुतला, त्याचे झाकण बदलले, पाण्याचा पंप बदलला. प्रत्येक वेळी तो गाडीची पुढची जाळी बंपरसकट उतरवून ठेवी, काम करी आणि उघड्या तोंडाच्या गाडीचे इंजिन तासभर चालवून पाही. काटा मध्यावरून केसभरही हलत नसे. मग तो सगळे पुन्हा जागच्या जागी बसवी, बाइंडर गाडी घेऊन निघत आणि पाचव्या मैलावर काटा तांबड्यावर जाई.

"गाडीला काही झालेलं नाही, साहेब," चौथ्या खेपेला तो म्हणाला. "मला वाटतं ताप तुम्हाला आलाय."

यावर बाइंडरांनी वही उघडून सव्वीस नोंदी वाचून दाखवल्या. सोळाव्या नोंदीला मेकॅनिक शरण आला. आता उरले फक्त इंजिनाचे डोके उघडणे, असे त्याने शस्त्रक्रियेपूर्वी नातेवाइकांना सांगावे तशा आवाजात सांगितले. त्याला चार दिवस लागणार होते, आणि लेकीला पोचवायचा रविवार परवावर आला होता. तोपर्यंतचा तोडगा म्हणून त्याने एकच सुचवले. गाडीतला हीटर पूर्ण सोडायचा. इंजिनाची उष्णता तो आत ओढून घेतो.

"आत म्हणजे कुठे?"

"आत म्हणजे तुमच्याकडे."

म्हणून ऐन एप्रिलातल्या रविवारी बाइंडर आणि त्यांची लेक चारही काचा खाली करून, हीटर पूर्ण सोडून शहराबाहेर पडले. तिच्या डोक्यावर ओला रुमाल होता. तो पहिल्या अर्ध्या तासातच वाळला. बाइंडरांनी दोनदा घसा साफ केला. पण ज्या मुलीला आपण जिवंत भाजत आहोत तिच्यापाशी क्षमेचा विषय कोणत्या तोंडाने काढावा, हे त्यांना उमगेना. चढ लागला आणि काटा उठला. बॉनेटखालून वाफेचा पहिला झोत आला तेव्हा बाइंडरांनी गाडी झाडाच्या सावलीत घेतली, इंजिन बंद केले आणि स्टिअरिंगवर कपाळ टेकले.

लेकीने डिकीतून आपली ट्रंक काढली. पुढची बस तासाभराने या वाटेनेच जाते, तिला हात करते, असे ती सांगत होती. आवाजात राग नव्हता. त्यामुळेच बाइंडरांचा धीर पुरता खचला. तिने ट्रंक गाडीच्या समोर ठेवली, तिच्यावर बसली आणि दुसरे पाहण्यासारखे काही नसल्याने गाडीच्या पुढच्या जाळीकडे पाहत राहिली. थोड्या वेळाने ती पुढे झुकली. मग रुमालाने तिने जाळीच्या पट्ट्यांवरचे वाळलेले किडे पुसले.

"बाबा, जरा इकडे या."

"कूलंट गळतंय का?"

"नाही. तुमचं अक्षर आहे."

बाइंडर गुडघ्यांवर बसले. जाळीच्या आत काळ्या रेक्झिनने मढवलेला, कोपरे गोल केलेला, जाळीला मेणदोऱ्याने आतून शिवलेला एक पुठ्ठा होता. त्याच्या मधोमध दोन बोटांएवढी चिठ्ठी होती. तिच्यावर सुवाच्य अक्षरात लिहिले होते : 'थंडीपुरता. फेब्रुवारीअखेर काढणे.'

 रस्त्यावरून एक ट्रक गेला.

"हा फेब्रुवारी कुठल्या सालचा?" लेकीने विचारले.

"तुझे पाय गारठायचे," बाइंडर जमिनीकडे पाहत म्हणाले. "डिसेंबरात. सकाळी क्लासला सोडताना. गार वारा अडवला की इंजिन लवकर तापतं, मग हीटर लवकर चालू होतो. जुन्या वहीत नोंद असेल. ही वही मी नंतर घातली."

तेवढ्यात मेकॅनिकचा फोन आला. गाडी कुठवर पोचली याची त्याला खरोखरीच काळजी होती. बाइंडरांनी त्याला काळ्या पुठ्ठ्याबद्दल विचारले.

"ते? ते कंपनीचं आहे, साहेब. त्याला हात लावू नका. चारही वेळा मी ते जाळीसकट पुसून जपून परत बसवलंय. एवढी सफाई आपल्याकडच्या माणसाच्या हाताला नसते."

आयुष्यात इतकी निर्भेळ स्तुती बाइंडरांच्या वाट्याला कधी आली नव्हती. त्यांनी त्याचे आभार मानले आणि फोन ठेवला.

मेणदोरा कापायला वीस मिनिटे लागली, कारण तो तुटू नये अशा बेतानेच घातलेला होता. इंजिन निवल्यावर त्यांनी पाणी भरले, ट्रंक पुन्हा डिकीत गेली. बस आली तेव्हा लेकीने तिला हात केला नाही. चढ संपेपर्यंत काटा मध्यावर होता. उतारावरही मध्यावर होता. हीटर बंद होता. न बोलण्याला आता कसलीही सबब उरली नव्हती.

"माझं चुकलं," बाइंडर समोरच्या रस्त्याला म्हणाले.

"कशाबद्दल? पुठ्ठ्याबद्दल?"

बाइंडरांच्या जिभेवर एक सविस्तर विवेचन येऊन उभे राहिले. त्यांनी ते गिळले.

"दोन्हीबद्दल."

 पुठ्ठा तिने मांडीवर घेतला होता. पर्समधून पेन काढून ती चिठ्ठीवर खाली उरलेल्या जागेत काहीतरी लिहू लागली. पुढच्या वळणावर बाइंडरांनी ओझरते पाहून घेतले. अक्षर तिचे होते, पण वळण थेट त्यांचेच : 'नोव्हेंबरात लावणे. पाय तिकडे गारठतील. स्वतः येऊन.'

"बरं," बाइंडर म्हणाले, आणि सवयीने काट्याकडे पाहू लागले.

"रस्ता बघा, बाबा."