का विकताय, हे सोडून विचारा

माझे थोरले चुलते तातोबा सुभेदार, म्हणजे आमचे आबा, यांनी आपली मोटार विकायला काढली आणि पहिल्या पंधरवड्यात चार गिऱ्हाइकं हाकलून लावली. चौघांचा गुन्हा एकच होता. त्यांनी विचारलं, "गाडी का विकताय?"

आता जुनी वस्तू घ्यायला आलेला माणूस हे विचारणारच. म्हशीचं विचारतो, जमिनीचं विचारतो, मोटारीचंही विचारील. पण तो प्रश्न कानावर पडला की आबांची मान ताठ व्हायची, काठी दोनदा जमिनीवर आपटायची आणि ते म्हणायचे, "गाडी बगाय आलाईस का माजी कुंडली बगाय?" त्यानंतर गिऱ्हाईक फाटकाच्या बाहेर.

आबा पहिल्या लढाईत बसऱ्याकडं फौजेच्या मोटारी चालवत होते. पेन्शनीत निघाल्यावर ते आष्ट्याला येऊन राहिले आणि विलायतेला परत निघालेल्या एका पाटबंधाऱ्याच्या साहेबाकडून त्यांनी ही काळी, कापडी टपाची गाडी बाराशेला घेतली. त्याला दहा वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. काकी, आबा आणि मोटार असं तिघांचं घर होतं, आणि त्यातली मोटार सोडून कुणाशीही आबा खालच्या आवाजात बोलत नसत. रस्त्यात झोपलेल्या गाडीवानावर ते चिडत, धूर सोडणाऱ्या सर्व्हिस मोटारीवर चिडत, आणि त्यांच्या गाडीला कुणी 'डबा' म्हणालं तर त्या घरी पुढच्या लग्नालाही जात नसत.

विक्रीची वेळ मात्र त्यांनी बरोबर धरली होती. दुसरी लढाई संपून वर्ष होत आलं तरी नव्या गाड्या कुठं दिसत नव्हत्या. पेट्रोल कुपनावर मिळायचं, पण ज्याच्याकडं चार पैसे खुळखुळत होते त्याला मोटार हवी होती. आबांनी किंमत सांगितली तीन हजार. ऐकणारे हसले. आबा हसले नाहीत.

मी तेव्हा सांगलीला हळदीच्या एका अडत्याकडं कारकून होतो आणि दर रविवारी आष्ट्याला यायचो. गिऱ्हाइकं आणायचं काम माझ्याकडं होतं. मी सुचवलं, गाडीला एकदा रंग मारून घेऊ, चकचकीत दिसली की दोनशे रुपये सहज वाढतील. आबांनी माझ्याकडं असं बघितलं की जणू मी गूळ म्हणून माती विकायला सांगितली.

"रंग मारला की घेणाऱ्याला पयलं वाटतं, झाकलंय काय," ते म्हणाले. "गाडीच्या खोडी आपुन हून सांगायच्या. म्हंजी किंमत पाडायला त्येच्या हातात काय ऱ्हात न्हाई."

मग त्यांनी मला खोडींचा कागद लिहायला बसवलं. टपाला मागं एक भोक आहे. कात्रजच्या घाटासारखा चढ असेल तर पाणी तापतं. दुसरा गिअर हट्टी आहे. हॉर्न पावसाळ्यात बोलत नाही. मागच्या गादीत एक उंदीर राहून गेला, आता नाही. हे सगळं माझ्या सुवाच्य अक्षरात. आलेल्या माणसानं आधी तो कागद मोठ्यानं वाचायचा, मग गाडीला हात लावायचा, असा नियम.

पहिलं गिऱ्हाईक कागद न वाचताच चाकाला लाथ मारून बघायला लागलं. आबांनी विचारलं, बैल घ्यायला जातोस तेव्हा बैलालाही लाथ मारतोस का रं. दुसरा होता इस्लामपूरकडचा ऊसवाला पाटील. त्यानं बैलबाजारातल्यासारखा आबांच्या हातावर टॉवेल टाकला आणि खालून बोटं दाबून भाव करायला लागला. आबांनी टॉवेल झटकला. "मला मोटार इकायची हाय. काय बोलायचं ते तोंडानं बोल." तो बिचारा तोंडानं बोलला, पण पहिलंच वाक्य तेच बोलला: एवढी चांगली गाडी, मग विकताय का? लाथ मारणाऱ्यालाही शेवटी तोच प्रश्न नडला होता. तिसरा तर शिकलेला होता, सांगलीच्या विश्रामबागेत बंगला बांधत होता. त्यालाही तो प्रश्न टाळता आला नाही.

आणखी एक गोष्ट मला तेव्हा शिष्टपणाची वाटायची. गाडी फिरवून दाखवायची वेळ आली की आबा स्वतः स्टिअरिंगचं चक्र धरत नसत. गिऱ्हाइकाला चालवायला लावायचे आणि आपण मागं बसून त्याच्या चुका काढायचे.

चौथं गिऱ्हाईक म्हणजे आमचे शेठ. ज्यांच्या पेढीवर मी पोट भरत होतो ते. मीच हौसेनं त्यांना आष्ट्याला घेऊन आलो. टांग्यातून येताना वाटभर मी बजावलं, काय वाटेल ते विचारा, फक्त का विकताय ते विचारू नका. शेठ हो हो म्हणाले. त्यांनी कागद वाचला, गाडी फिरवून बघितली, काकीनं केलेला चहा प्याले. अडीच हजारापर्यंत आले, मग पावणेतीनवर आले. माझा जीव भांड्यात पडत होता. आणि उठता उठता अगदी प्रेमानं म्हणाले, "सुभेदार, एवढा जीव आहे तुमचा तिच्यावर. मग विकता का?"

आबांनी विचारलं, "तुमी हळद का इकता?"

"धंदा आहे म्हणून."

"मग जाऊन हळद इका."

सोमवारी पेढीवर शेठ माझ्याशी बोलले नाहीत. चहा सगळ्यांना आला, माझ्यापुढं कप ठेवला नाही. दुपारच्या उन्हात मला हरिपूरला पाठवलं, जमिनीखालची हळद साठवायची पेवं उघडायची होती तिथं उभं राहायला. पेव उघडलं की आतून जी कोंदट वाफ येते ती डोक्यात जाते. माझ्या डोक्यात आधीच पुष्कळ काही गेलं होतं. आठवडाभर मी तिथं उभा राहून आबांना मनातल्या मनात बोलत होतो. माणसानं तापट असावं, पण दुसऱ्याच्या भाकरीवर पाय देऊन नाही. पुढच्या रविवारी आष्ट्याला गेलो तो हेच तोंडावर सांगायला.

गेलो तर अंगणात गाडीच्या खालून दोन पाय बाहेर आलेले दिसले.

पाय होते बिरूचे. बिरू आटपाडीकडचा धनगर. त्याचे भाऊ मेंढरं घेऊन आष्ट्याच्या रानात उतरले होते, त्यांच्याकडून त्याला मोटारीचं कळलं होतं. तो स्वतः सहा वर्षं फौजेत लॉरी चालवून नुकताच सुटून आला होता. मिळालेल्या पैशाची मोटार घेऊन विटा-आटपाडी भाड्यानं चालवायची, मेंढरांमागं फिरायचं नाही, असं त्यानं ठरवलं होतं. एवढं मला काकीनं सोप्यातून हळूच सांगितलं. तिचा डावा हात अजून गळ्यात बांधलेला होता. दीड महिन्यापूर्वी ती आडावर घसरून पडली होती आणि हाडवैद्यानं कांब्या बांधून दिल्या होत्या, तरी हात नीट बसत नव्हता.

"ह्येनं अजून तो प्रश्न इचारला न्हाई," काकी म्हणाली. "तासभर खालीच हाय."

आबा काठी टेकून शेजारी उभे होते. त्यांच्या चेहऱ्यावर मी कधी न बघितलेलं समाधान होतं. गाडीखाली झोपून गाडी बघणारा माणूस दहा वर्षांत पहिल्यांदा भेटला असावा. मी माझा राग सोप्यातच थोडा वेळ थोपवून धरला.

बिरू बाहेर आला, हात पुसले, खिशातला माझा कागद काढून पुन्हा एकदा वाचला.

"सुभेदारसाब, कागुद लय चांगला हाय," तो म्हणाला. "पर एक खोड लिवायची ऱ्हायली."

"कंची?"

"डाव्या अंगानं गाडी आदळलीया. मडगाड नवं ठोकलंय, पर आतली पट्टी अजून वाकडी हाय."

आबांचं समाधान क्षणात उतरलं. ते बिरूवर तुटून पडले. फौजेत काय भंगार चालवत होतास, मला गाडी शिकवतोस काय, माझ्या कागदाला खोटं म्हणणारा आजवर जन्मला नाही, असं बरंच. काठी वर गेली. बिरू मागं सरला नाही, पुढंही आला नाही.

"जातो मी," तो म्हणाला. "पर गाडी आवडलीया. कशाला आदळली तेवडं सांगा, म्हंजी मला कळंल काय दुरुस्त करायचं."

मग मीच तडकलो. आठवडाभराचं पेवातलं सगळं बाहेर आलं. मी आबांना म्हणालो की चार माणसं घालवलीत, माझा मालक माझ्यावर उलटलाय, आता हा पाचवा एक साधी गोष्ट विचारतोय तर त्याच्यावर काठी उगारताय. गाडी विकायची नाही तर तसं सांगा. उगाच माणसं बोलावून अपमान करू नका. वडीलधाऱ्याशी असं बोलायची आमच्यात रीत नाही.

आबांनी काठी खाली घेतली. मोटारीच्या पायरीवर बसले.

"चिचंला," ते बिरूला म्हणाले. "इस्लामपूर सोडल्यावर वळणावर चिच हाय, तिला. औंधास्नं येत हुतो. हिला यमाईला न्यायची हुती. दोन म्हैनं कुपनं साठवली." त्यांनी काठी मांडीवर आडवी घेतली. "डावा डोळा गेलाय माजा. वरीस झालं. कुणाला सांगितलं न्हाई. चिच मला दिसलीच न्हाई. आन् ही त्याच अंगाला बसली हुती."

मी काकीकडं बघितलं. ती दारात आली होती.

"मी आडावर घसरले," काकी म्हणाली.

"घसरली न्हाईस तू."

"घसरले. साऱ्या आळीला सांगितलंय मी. आता म्हातारपनी मला खोटी पाडू नगा."

आबा तिच्याकडं न बघता मान हलवत राहिले. आठवडाभर ज्या माणसाला मी उन्हात उभा राहून शिव्या घातल्या होत्या, तो दीड महिना स्वतःलाच घालत बसला होता. तो प्रश्न विचारणाऱ्या प्रत्येकाला खरं उत्तर द्यायचं तर हे द्यावं लागलं असतं.

बिरूनं कागद घडी करून खिशात ठेवला. म्हणाला, तीन हजार कबूल.

यावर आबा पुन्हा चिडले, आणि मला बरं वाटलं. पट्टी वाकडी आहे म्हणतोस आणि पुरे पैसे देतोस, तू शुद्धीवर आहेस का, असा सवाल त्यांनी केला. दोनशे कमी कर म्हणाले. बिरू कमी करीना. ज्यानं हे सांगितलं त्यानं बाकीचं खरंच लिहिलं असणार, आणि असली गाडी दुसरीकडं साडेतीनला मिळणार नाही, असं त्याचं म्हणणं. घेणारा भाव सोडत नाही आणि विकणारा उतरवा म्हणून ओरडतोय, असा तो व्यवहार बघायला शेजारचे दोघं-तिघं कुडापाशी येऊन उभे राहिले.

शेवटी काकीनंच तोडलं. पैसे पुरे घ्यायचे, आणि बिरूनं उद्या तिला मिरजेच्या डॉक्टरांकडं हात दाखवायला नेऊन आणायचं. दीड महिना आबा तिला मिरजेला चल म्हणत होते आणि ती नको म्हणत होती, हे मला तेव्हा कळलं. मिरजेला न्यायचं म्हणजे त्यांना पुन्हा चक्र धरावं लागलं असतं, आणि ती त्यांना ते करू देणार नव्हती.

सोमवारी सकाळी पेढी बुडवून मीही त्यांच्याबरोबर निघालो. गेली नोकरी तर गेली, असं मनाशी म्हटलं. प्रत्यक्षात शेठ दोन दिवस धुसफुसले आणि विसरून गेले.

बिरूनं चक्र धरलं, मी त्याच्या शेजारी बसलो. आबांनी निघण्याआधी त्याला पाच मिनिटं झापलं: गिअर ओढायचा न्हाई, ढकलायचा. खड्डा दिसला तर आधी बाईमाणसाचा हात आठवायचा. मग मागं चढले, डाव्या बाजूला बसले आणि काकीला आपल्या उजवीकडं घेतलं.

गाव सोडलं तशा समोरून गुळाच्या गाड्या यायला लागल्या. उजव्या बाजूनं सगळा धुरळा आत यायचा. काकीनं पदर तोंडावर धरला. थोड्या वेळानं ती म्हणाली, "आवं, सरका की जरा. मी त्या अंगाला बसते, हितं लय धुरळा येतोय."

आबा हलले नाहीत. त्यांनी आपला रुमाल काढून तिच्या मांडीवर टाकला आणि नेहमीच्याच चढ्या आवाजात म्हणाले, "गप बस. हितनं तू दिसतीस मला."