पस्तीस मिनिटांचा हॉल्ट

चिंचोळकर काकांना कुणी नमस्कार केला तर ते नमस्कार घेत नाहीत. चष्मा कपाळावर सरकवतात आणि विचारतात, "कुठी जाचं?" आपण म्हणावं, कुठे नाही काका, दूध आणायला निघालोय, तर ते क्षणभर डोळे मिटून विचार करतात आणि म्हणतात, "मंग पायीच जा. या टायमाले गाडी नाही."

एकोणतीस वर्षं हा माणूस रायपूरच्या बसस्टँडवर रोडवेजच्या चौकशीच्या खिडकीत बसला. राज्य नवीन झालं, रायपूर राजधानी झालं, आणि पुढे रोडवेजच बंद झाली. खिडकी गेली, काका घरी आले, पण खिडकीतून काही बाहेर आले नाहीत. माणसांचे त्यांच्या लेखी आजही दोनच प्रकार आहेत. एक, ज्याची गाडी सुटली तो. दुसरा, ज्याची अजून सुटायची आहे तो.

मी पहिल्या प्रकारातला. 'नवा रायपूर' नावाच्या नव्या शहरात मंत्रालयात कारकुनी करतो आणि रोज सकाळी स्टाफ बसमागे धावतो. काकांचं घर आमच्या भिंतीला भिंत लावून. मी धावताना दिसलो की फाटकातून त्यांचा आवाज येतोच. "एवढाले रस्ते बांधले तिकडं, विमान उतरन एखादं. पन बस कुठी हाय? रस्ता बसनं शोभते, सुरेश." मला तेव्हा उत्तर द्यायला श्वास नसतो, आणि हे त्यांना पक्कं ठाऊक असतं.

तर एका रविवारी काका आमच्याकडे आले, खुर्चीत बसले, चहा बशीत ओतला आणि म्हणाले, "मी स्कीले जाऊन राहिलो."

"कशाला?"

"स्की. बर्फावरून घसरते ना लोकं, ते. स्वित्झर्लंडले. लोकल बसनं."

माझी बायको कोथिंबीर निवडत होती. तिने काड्या टोपलीत ठेवल्या आणि पानं कचऱ्यात टाकली. सदुसष्ट वर्षांचा माणूस, गुडघे दोन्ही कुरकुरणारे, आणि बर्फ आयुष्यात पाहिलेला तो रसवंतीच्या गाड्यावर. मी समजुतीच्या सुरात सांगितलं, की काका, जायचंच तर टूरवाले असतात, सगळं व्यवस्थित नेतात-आणतात.

"टूरवाले माणसाले पोत्यासारखं उचलते अन् पोत्यासारखं टाकते. विमानाले इलाज नाही, समुद्र मधी येते. पन उतरल्यावर बस. तिथल्या गावच्या लोकाईच्या बसनं जाचं, त्याईच्या टायमानं."

"तिकडच्या ट्रेन फार चांगल्या असतात म्हणतात."

"ट्रेन गावात जात नाही," काका म्हणाले, आणि उरलेला चहा एका घोटात संपवून उठले.

त्या दिवसापासून मी त्यांचा प्रिंटवाला झालो. ते सांगतील ती तिथली टाइमटेबलं मोबाइलवर शोधायची, फोटोकॉपीच्या दुकानातून छापून आणायची आणि काकांना द्यायची. ते पट्टी आणि लाल-निळं पेन घेऊन बसत. गावांची नावं अशी, की म्हणताना त्यांची कवळी हलायची. मग त्यांनी सरळ आपल्या इकडच्या गावांची नावं दिली. जिथे विमान उतरतं ते 'माना'. तळ्याकाठचं जंक्शन 'धमतरी'. जिथून चढ लागतो तो 'केशकालचा घाट', आणि जिथे स्की करायचं ते 'मैनपाट'. ऐकणाऱ्याला वाटावं, हा माणूस स्वित्झर्लंडला नाही, साडूच्या गावी बारशाला चालला आहे.

"मानाहून नऊ-दहाची. धमतरीले चौदा मिनिटं, तेवढ्यात पानी पिऊन होते. केशकाल चढली का मंग..." इथे ते थांबत आणि पट्टी थोडी खाली सरकवत. केशकाल आणि मैनपाट यांच्यामध्ये एक गाव होतं. त्याला त्यांनी नाव दिलंच नव्हतं. त्या रकान्यात फक्त लिहिलं होतं, 'मधला स्टॉप. हॉल्ट ३५ मि.'

मी कारकून असलो तरी कागद वाचता येतो. "काका, ही गाडी तर थेट मैनपाटला जाते. मग तुम्ही मध्ये कशाला उतरता? पस्तीस मिनिटं थांबून मागून येणारी घेता?"

"पाय मोकळे कराले," ते म्हणाले आणि कागदाची घडी घातली.

थेट गाडीतून मध्येच उतरणाऱ्या माणसाला काकांनी खिडकीतून काय काय ऐकवलं असतं, ते मी इथे लिहू शकत नाही. नक्कीच काहीतरी होतं, पण ते ताकास तूर लागू देत नव्हते. घरी येऊन बायकोला सांगितलं, तर ती माझ्याकडे बघत राहिली. "इतकी वर्षं शेजारी राहता हो तुम्ही. मंजू त्याच गावात राहते."

मंजू म्हणजे काकांची एकुलती एक लेक. मला लहानपणापासून भैया म्हणते. भिलाईला इंजिनिअर झाली, पुढे शिकायला तिकडे गेली, आणि तिथल्या एका सुतारकाम करणाऱ्या भल्या माणसाशी लग्न केलं. लग्न झाल्यावर फोन करून कळवलं. आमच्याकडची जुनी माणसं लेकीच्या घरचं पाणीही घेत नसत, पण ती रीत म्हणून. काका रागाने बोलले. "तुझ्या घराची पायरी चढनार नाही मी," म्हणाले आणि फोन ठेवला. याला सात वर्षं झाली. काकांचं म्हणणं, सुटली गाडी म्हणजे सुटली. तीच तऱ्हा मंजूची, लेक कुणाची आहे.

काकू होत्या तोवर त्या आतल्या खोलीतून मंजूशी बोलायच्या, आणि काका बाहेर टीव्हीचा आवाज बंद करून नुसती चित्रं बघत बसायचे. तीन वर्षांपूर्वी काकू गेल्या. मंजू आली. तेरावं झालं, बॅग भरली. निघायच्या आधी काकांनी विमानतळाच्या चौकशीला फोन लावला, दारात आले आणि म्हणाले, "गाडी टाइमवर हाय." ती म्हणाली, "हव बाबा." तेरा दिवसांत बाप-लेकीचं एवढंच बोलणं. दोघांना एका खोलीत कोंडून बाहेरून कडी लावावी, असं मला तेव्हा वाटलं होतं. लावली असती तर बरं झालं असतं.

पण काकांनी माझ्यापाशी विषय काढला नाही, म्हणून मीही काढला नाही. शिवाय ते स्कीच्या बाबतीत अगदी गंभीर होते. शिकायचं तर उतार पाहिजे, आणि रायपूर तर परातीसारखं सपाट. उपाय त्यांनीच शोधला. अभनपूरला एका राइस मिलच्या मागे धानाच्या भुशाचा डोंगर आहे, दोन मजले उंच. मिलचा मालक त्यांच्या खिडकीवरचा जुना प्रवासी. जुन्या पलंगाच्या दोन फळ्या घेतल्या, त्यांवर रबरी चपला खिळ्यांनी ठोकल्या, हाताला दोन बांबू. मे महिन्यात, माकडटोपी घालून, आम्ही अभनपूरची बस धरली. मी बरोबर का गेलो, हे बायकोने अजून विचारायचं थांबवलेलं नाही.

"चच्चा, ये क्या है?" कंडक्टरने फळ्यांकडे बघून विचारलं.

"स्की है बेटा. ऊपर रख, सम्हाल के. बर्फ का सामान है."

कंडक्टरने एकदा आकाशाकडे पाहिलं, एकदा माकडटोपीकडे, आणि फळ्या निमूटपणे टपावर चढवल्या.

भुसा हा प्रकार सोपा नाही. पाय ठेवला की आत जातो, आणि काढला की चप्पल आतच राहते. काका चढले, उभे राहिले, बांबू टेकले आणि निघाले. पहिले चार हात उभे, पुढचे चार बसून, आणि उरलेले आडवे. फळ्या मागून आल्या. मिलमध्ये काम करणाऱ्या बाया टोपल्या खाली ठेवून बघायला जमल्या. काका उठले, तोंडातला भुसा थुंकला आणि पुन्हा चढायला लागले. "बबा फेर चढ़त हे," एक जण म्हणाली, आणि तिच्या आवाजात थट्टा कमी आणि कौतुक जास्त होतं.

पाचव्या खेपेला ते वर गेले आणि खाली आलेच नाहीत. मी धापा टाकत वर गेलो. काका फळ्यांवर बसले होते, भुवयांत भुसा, समोर धानाची उन्हाळी मोकळी शेतं.

"तिच्या घरासमोरच स्टॉप हाय," ते एकदम म्हणाले. "तुह्या काकूच्या मोबाइलमधी फोटो पाह्यला मी. एक छपरी, एक बाक. बाकावरून तिचं दार दिसते."

मी त्यांच्या शेजारी बसलो. "मग सरळ दारात जा ना, काका."

"बोलून बसलो ना मी." त्यांनी मूठभर भुसा उचलला आणि सोडला. "बाकावर बसाले काही हरकत नाही. तो सरकारी असते. पस्तीस मिनिटं बसीन. पोट्टी खिडकीतून पाह्यन. आली त आली."

"आणि नाही आली तर?"

"नाही आली तर मी कुठी तिच्यासाठी गेल्तो?" काका माझ्याकडे न बघता म्हणाले. "मी त स्कीले चाल्लो."

आतापर्यंत हसत होतो त्याची लाज वाटली. लेक दाराबाहेर आली नाही तर पुढच्या बसमध्ये ताठ मानेने चढता यावं, एवढ्यासाठी हा माणूस या वयात भुशात पडायला शिकत होता. मी त्यांच्या पाठीवरचा भुसा झटकला.

"तिले सांगू नको," ते म्हणाले. मी मान हलवली. आणि सोमवारी स्टाफ बसमध्ये बसल्या बसल्या मंजूला सगळं लिहून पाठवलं. टाइमटेबल, बाक, पस्तीस मिनिटं, भुसा, काहीच वगळलं नाही. वचन मोडल्याचं पाप लागायचं असेल तर लागो.

दोन दिवस उत्तर नाही. मी मोबाइल शंभरदा पाहिला. साहेबांनी दोनदा हटकलं. तिसऱ्या दिवशी उत्तर आलं, आणि संध्याकाळी मी बसमधून उतरून घरी न जाता थेट काकांकडे गेलो.

काका टेबलापाशी कागद पसरून बसले होते. मी म्हटलं, "काका, मी मंजूला सांगितलं."

त्यांनी पेन खाली ठेवलं. मला वाटलं, आता आपली धडगत नाही. त्यांनी पसरलेल्या कागदांच्या कडा जुळवल्या. मग विचारलं, "काय म्हने?"

मी मोबाइल पुढे केला. मंजूने लिहिलं होतं, "भैया, बाबांना सांगा, दुपारच्या गाडीने येऊ नका. संध्याकाळी पाच-दहाला एक पोहोचते, तिने या. तिच्यानंतर इथून पुढे गाडी नाही. एकदम सकाळीच आहे."

काकांनी ते एकदा वाचलं. चष्मा पुसून पुन्हा वाचलं. पाच-दहाला उतरायचं आणि सकाळपर्यंत पुढची गाडी नाही, म्हणजे मुक्काम. त्या थंडीत बाकावर रात्र काढता येत नाही, म्हणजे पायरी चढणं आलं. हे समजायला चौकशीच्या खिडकीत एकोणतीस वर्षं बसावं लागत नाही, मलाही ते समजलं होतं. आता ते मोबाइल परत देतील आणि म्हणतील, जमत नाही, अशी मला धास्ती होती.

त्यांनी मधल्या स्टॉपचा कागद ओढला, पट्टी ठेवली आणि बोट एकेका रेघेवरून खाली नेलं. तळाशी येऊन ते थांबलं.

"पोट्टी चुकली," ते म्हणाले. "सहा-पन्नासले एक हाय अजून. मैनपाटले जाते."

मी वाकून पाहिलं. होती. अगदी तळाशी, बारीक अक्षरात, सहा वाजून पन्नास मिनिटांची. मला त्या बसचा भयंकर राग आला. "तिला माहीत नसेल, काका," मी म्हटलं.

"सात वर्सं झाले तिले तिथी. दारासमोरून जाते ती."

त्यानंतर ते नुसते त्या कागदाकडे बघत राहिले. मी खिडकीबाहेर बघितलं, कारण दुसरीकडे कुठे बघावं ते कळेना. मग पेनाचं टोपण निघाल्याचा आवाज आला. काकांनी पट्टी नीट बसवली, डाव्या हाताने घट्ट दाबून धरली, आणि सहा-पन्नासच्या गाडीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत लाल रेघ मारली.

"कॅन्सल," ते म्हणाले.